तैलचित्रांचं प्रदर्शन, प्रात्यक्षिक आणि कार्यशाळा: सीमाभागातल्या चित्रकार गटांसाठी टप्प्याटप्प्याने

आपल्याकडे प्रदर्शन भरवायचं ठरलं की पहिला फोन सभागृहाला जातो. तारीख मिळते, पाहुणे ठरतात, पत्रिका छापून येते, आणि मग चित्रकार उरलेली चित्रं पूर्ण करायला बसतात. जलरंगात हे निभावून जातं, तैलरंगात नाही. उद्घाटनाला निम्मी चित्रं चिकट असतात. आदल्या रात्री मारलेल्या व्हार्निशवर धूळ बसते, कुणाच्या चित्रावर वर्तमानपत्राची अक्षरं उमटलेली दिसतात. त्याच दालनात कार्यशाळा ठेवली असेल तर टर्पेंटाईनच्या वासाने प्रेक्षक पाच मिनिटांत बाहेर पडतात.

यातलं सगळं टाळता येतं, फक्त क्रम बदलायला हवा. आधी रंग वाळण्याचा हिशेब, मग तारीख, मग सभागृह. आठ-दहा चित्रकारांचा गट, तीन-चार दिवसांचं प्रदर्शन, एक प्रात्यक्षिक आणि दोन दिवसांची कार्यशाळा असं धरून पुढचे टप्पे लिहिले आहेत.

## १. तारीख: कॅलेंडरच्या आधी हवा बघा

तैलरंग वाळतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जात नाही. त्यात पाणी नसतंच. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. हवा गार आणि दमट असली की हे काम मंदावतं. बेळगावच्या पावसाळ्यात, आणि त्याहून जास्त खानापूरच्या पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे, उन्हाळ्यात चार दिवसांत वाळणारा थर दोन आठवडे बोटाला लागतो. कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते ती वेगळीच.

म्हणून प्रदर्शनासाठी जानेवारीचा दुसरा पंधरवडा माझ्या मते सर्वांत चांगला. संक्रांत झालेली असते, हवा कोरडी असते, दहावीच्या परीक्षा अजून लांब असतात, त्यामुळे चित्रकलेचे शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही येऊ शकतात. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी भाषकांचा काळा दिन) आसपासचे दिवस टाळा. त्या दिवशी बेळगाव शहरातली वाहतूक आणि वातावरण दोन्ही वेगळं असतं. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज भरलेले असतात आणि बाहेरगावच्या चित्रकाराला खोली मिळत नाही. अधिवेशनाची तारीख जाहीर होईपर्यंत डिसेंबरची पत्रिका छापू नका.

तारीख धरली की मागे मोजत या. जानेवारीचं प्रदर्शन असेल तर:

- नाईफने जाड थर दिलेली चित्रं दसऱ्यापर्यंत हातावेगळी.
- नेहमीच्या जाडीची चित्रं नोव्हेंबरअखेर.
- पातळ थराचे अभ्यास, छोटी निसर्गचित्रं प्रदर्शनाआधी किमान तीन आठवडे.

त्यानंतर ब्रश खाली ठेवायचा. 'फक्त एक हायलाइट' असं म्हणून शेवटच्या आठवड्यात लावलेला पांढरा सर्वांत जास्त त्रास देतो, कारण टायटॅनियम व्हाइट सावकाश वाळतो. आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियमचे रंगही तसेच. बर्न्ट अंबर, रॉ अंबर हे तपकिरी रंग मात्र त्यांतल्या मँगनीजमुळे लवकर वाळतात.

तपासणी: "वाळलंय की ओ, हात लावून बघा" असं म्हणत सगळे कडेला बोट लावतात. कडेला थर पातळ असतो. चित्रातला सर्वांत जाड फटकारा शोधा आणि त्यावर नख हलकेच दाबा. खूण राहिली तर आतला थर अजून मऊ आहे. असं चित्र प्रदर्शनात लावता येईल, पण त्यावर व्हार्निश नको आणि त्याच्या पृष्ठभागाला काही टेकवून बांधायचंही नाही.

## २. चित्रांची तयारी

कच्च्या मांजरपाटावर थेट तैलरंग लावू नका. तेल कापडात मुरतं आणि काही वर्षांत कापड ठिसूळ होतं. ॲक्रिलिक जेसोचे (कॅनव्हासला रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) किमान दोन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा.

खालचा थर टर्पेंटाईनने पातळ, वरचा थर तेलाने जाड, हा क्रम उलटा झाला की वरचं आधी वाळतं, खालचं नंतर आकसतं आणि तडे जातात. हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो. गडबड होते ती दुरुस्ती करताना: तेलकट थरावर सुधारणा म्हणून टर्पेंटाईनमध्ये कालवलेला पातळ रंग फिरवला जातो.

हार्डवेअरच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल लाकडाला आणि दाराला लावण्यासाठी असतं. ते लवकर वाळतं म्हणून मोह होतो, पण चित्र गडद आणि पिवळट होत जातं. चित्रकारांसाठीचं शुद्ध केलेलं जवसाचं तेलच घ्या. सुट्या टर्पेंटाईनची परीक्षा सोपी आहे: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, तासाभराने बघा. तेलकट डाग उरला तर ते चित्रासाठी वापरू नका.

वाळणारं चित्र पलंगाखाली किंवा कपाटामागे ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. उजेडाच्या, पण थेट उन्हाच्या नव्हे अशा खोलीत, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून उभं ठेवा. धुळीची भीती असेल तर चित्राचा तोंडाकडचा भाग थोडा खाली झुकवा.

व्हार्निशबद्दल: शेवटचं व्हार्निश चित्र पूर्ण झाल्यावर सहा महिने ते वर्षभराने. तयारी बघायची असेल तर कापसाचा बोळा वासविरहित मिनरल स्पिरिटमध्ये ओला करून कोपऱ्यात हलकेच फिरवा. बोळ्याला रंग लागला तर थांबा. प्रदर्शनासाठी चित्रातले मॅट पडलेले भाग उठवायचे असतील तर रिटचिंग व्हार्निशचा (शेवटच्या व्हार्निशआधी मारायच्या तात्पुरत्या, हलक्या व्हार्निशचा) एक पातळ हात पुरतो, तोही स्पर्शाला पूर्ण कोरड्या चित्रावर आणि कोरड्या दिवशी. दमट हवेत मारलेलं व्हार्निश दुधाळ दिसतं.

## ३. जागा

बेळगावात टिळकवाडीला वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन आहे. निपाणी, खानापूर, चिकोडीला बहुतेक वेळा शाळेचं सभागृह किंवा मंगल कार्यालय घ्यावं लागतं. जागा कुठलीही असो, पैसे भरण्याआधी टेप, कागद आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन दुपारी चारनंतर तिथे जा. पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन त्याच वेळी कळतं.

काय विचारायचं: भिंतीत खिळा चालतो का? बहुतेक ठिकाणी चालत नाही. मग मंडपवाल्याकडून प्लायवुडचे पॅनेल घ्यावे लागतात. कापड ताणलेल्या नुसत्या चौकटी घेऊ नका; तीन फुटांचं फ्रेम केलेलं तैलचित्र त्या पेलत नाहीत. प्लायचा पॅनेल मागून तिरक्या टेकूने उभा आहे ना, हे स्वतः हलवून बघा.

दुसरी गोष्ट म्हणजे वेगळी खोली. प्रात्यक्षिक आणि कार्यशाळा दालनात नको. समोरासमोर खिडक्या असलेली, बेसिन जवळ असलेली खोली हवी. अशी खोली नसेल तर कार्यशाळा दुसऱ्या इमारतीत, एखाद्या शाळेच्या वर्गात ठेवा. एकाच खोलीत तिन्ही कार्यक्रम उरकण्यापेक्षा कार्यशाळा रद्द केलेली बरी.

हेस्कॉमचा वीजपुरवठा गेल्यावर दालनात काय चालू राहतं, हेही विचारा. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दोन ट्यूब असतील तर जनरेटरचा खर्च आताच अंदाजपत्रकात धरा.

## ४. परवानग्या, फलक आणि चित्राखालच्या चिठ्ठ्या

बाहेर लावायच्या फलकासाठी महानगरपालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याचं पत्र, ही दोन्ही कामं किमान पंधरा दिवस आधी करा. कर्नाटकात प्लास्टिक फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, तेव्हा फलक कापडी करून घ्या. फलकावर कन्नड मजकूर वर आणि ठळक, त्याखाली मराठी, मग इंग्रजी. भाषेवरून दारात वाद झाला तर चार महिन्यांची मेहनत झाकोळून जाते. शिवाय आपल्या गटात आणि प्रेक्षकांत कन्नड बोलणारे चित्रकार असतातच, त्यांना आपलं वाटायला हवं. कन्नड मजकूर मोबाईलवर भाषांतर करून छापू नका, कन्नड शाळेतल्या एखाद्या शिक्षकांकडून वाचून घ्या.

चिठ्ठीवर एवढंच: चित्रकाराचं नाव, शीर्षक, 'कॅनव्हासवर तैलरंग', माप आणि वर्ष. मापात उंची आधी, रुंदी नंतर. हा क्रम चुकला की फोटो पाहून विचारणारा ग्राहक आडवं चित्र उभं समजतो. किंमत चिठ्ठीवर न लिहिता वेगळ्या यादीत ठेवा.

## ५. चित्रं आणणं

सर्वाधिक नुकसान या टप्प्यावर होतं, म्हणून इथे घाई करू नका.

वर्तमानपत्र चित्राच्या तोंडाला लावायचंच नाही. बबल रॅपचे फुगे रंगाकडे आले तर गोल ठसे कायमचे राहतात. फुगे बाहेर, आणि रंगाला लागून बटर पेपर. तोही पूर्ण वाळलेल्या चित्रालाच. ज्याला नखाची खूण पडते, त्याच्या चार कोपऱ्यांवर इंचभर जाडीचे लाकडी किंवा थर्माकोलचे ठोकळे लावा, दुसरं तेवढ्याच मापाचं चित्र तोंडाला तोंड करून त्यावर ठेवा आणि बाहेरून पट्टीने बांधा. मधली फट मोकळी राहते आणि रंगाला काही टेकत नाही.

टेम्पोत चित्रं उभी ठेवा, आडवी थप्पी नको. खाली जुनी सतरंजी, दोन चित्रांत पुठ्ठा, बाहेरून दोरी. दोरी फ्रेमवर ताणा, कॅनव्हासवर नव्हे. मागून रेटा बसला की कॅनव्हासला फुगवटा येतो आणि तिथे पुढे गोलाकार तडे जातात.

कोल्हापूरहून येणाऱ्या चित्रकारांची चित्रं कोगनोळी नाक्यावरून राज्याची हद्द ओलांडतात. सोबत तीन कागद द्या: चित्रांची मापांसह सही केलेली यादी, गटाचं निमंत्रणपत्र, सभागृहाच्या पावतीची प्रत. विक्रीसाठीच्या मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या पुढे जात असेल तर ई-वे बिलाबद्दल (मालवाहतुकीसाठी जीएसटीत लागणाऱ्या ऑनलाइन कागदाबद्दल) कर सल्लागाराला आधी विचारा. सीमाप्रश्नावरून बस बंद पडण्याची चिन्हं दिसली तर चित्रं दोन दिवस आधीच मागवून घ्या.

तपासणी: दालनात पोहोचल्याबरोबर प्रत्येक चित्राचा पुढून आणि मागून फोटो, आणणाऱ्याच्या समोर. ओरखडा कधी पडला हा वाद इथेच मिटतो.

## ६. टांगणी आणि उजेड

आधी सगळी चित्रं भिंतीलगत जमिनीवर मांडा. क्रम ठरल्याशिवाय एकही टांगू नका. प्रत्येक चित्रकाराची चित्रं सलग ठेवायची की विषयानुसार, हे गटप्रमुखांनी आदल्या दिवशीच ठरवावं. टांगणीच्या वेळी सगळ्यांनी मत दिलं तर रात्र जाते.

अंतराचा हिशेब असा. २४ फुटांची भिंत म्हणजे २८८ इंच. २४ इंच रुंदीची ८ चित्रं लावायची तर १९२ इंच गेले. उरलेले ९६ इंच ९ फटींत वाटले की प्रत्येक फट साधारण साडेदहा इंच. सहा इंचांपेक्षा कमी येत असेल तर एक चित्र कमी करा. चित्रकार नाराज होईल, पण गर्दीत कोणाचंच चित्र दिसत नाही.

उंचीसाठी चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर घ्या. हुक कुठे यायचा? ५७ मध्ये चित्राची निम्मी उंची मिळवा आणि ताणलेली तार फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं वजा करा. ३० इंच उंचीचं चित्र, तार ४ इंच खाली: ५७ + १५ − ४ = ६८ इंच. शाळेच्या सभागृहात सगळी चित्रं कपाळाच्या वर लावलेली दिसतात, कारण हिशेब वरच्या कडेने केलेला असतो.

तारेसाठी फ्रेमच्या वरून एक तृतीयांशावर दोन्ही बाजूंना डी-रिंग (इंग्रजी D च्या आकाराची कडी) बसवा. सुतळी आणि साधी नायलॉन दोरी नको, ती ताणते. मोठ्या चित्राला दोन हुक द्या म्हणजे ते तिरकं होत नाही.

तैलचित्राचा पृष्ठभाग चकाकतो, म्हणून दिवा समोरून नको. छताकडून, उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांच्या कोनात. ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात त्वचेचे रंग आजारी दिसतात. ३००० ते ४००० केल्विनचे (उजेडाची छटा), सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे एलईडी घ्या. मंडपवाल्याचे हॅलोजन तापतात, ते चित्राजवळ नकोत.

तपासणी: दिवे लावून साडेचार फूट आणि साडेपाच फूट उंचीच्या दोघांना प्रत्येक चित्रासमोर उभं करा. कोणालाही पांढरा चट्टा दिसला तर दिवा सरकवा.

## ७. प्रात्यक्षिक

उद्घाटनाच्या संध्याकाळी प्रात्यक्षिक ठेवू नका. भाषणं लांबतात, चित्रकाराला दोन तासांऐवजी चाळीस मिनिटं मिळतात आणि अपुरं व्यक्तिचित्र पाहून लोक घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते साडेबारा ही वेळ योग्य.

तयारीचा क्रम:

- दोन दिवस आधी जेसो केलेल्या कॅनव्हासवर पातळ ॲक्रिलिक अंबरचा मध्यम टोन द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर छायाप्रकाशाचा अंदाज चुकतो आणि मागच्या रांगेला सुरुवातीचा अर्धा तास काहीच दिसत नाही.
- मॉडेलला एकाच बाजूने दिवा. खिडकीचा उजेड वापरलात तर अडीच तासांत सावल्या सरकतात, म्हणून त्या बाजूचा पडदा ओढा.
- मॉडेलच्या पायांची आणि खुर्चीची जागा चिकटपट्टीने आखा. वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं विश्रांती. विश्रांतीनंतर मॉडेल नेमकं तिथेच बसायला हवं. वयस्कर व्यक्तीला बसवणार असाल तर पाठीला टेकू आणि पाणी द्यायला विसरू नका.
- चित्रकार उजव्या हाताचा असेल तर प्रेक्षक त्याच्या डाव्या खांद्यामागे. तीसपेक्षा जास्त लोक असतील तर पॅलेटवर एक कॅमेरा आणि कॅनव्हासवर एक, दोन्ही टीव्हीवर. रंग कसा कालवला जातो हे पाहायलाच लोक आलेले असतात, आणि नेमकं तेच झाकलं जातं.

मराठी आणि कन्नड दोन्ही जाणणारा एक जण सूत्रधार हवा. प्रश्न त्याने कागदावर घ्यावेत आणि विश्रांतीच्या वेळी विचारावेत. ब्रश चालू असताना चित्रकाराला प्रश्न विचारू देऊ नका.

## ८. कार्यशाळा

प्रात्यक्षिकानंतरच. एका मार्गदर्शकामागे पंधरा जण, जास्त नाहीत. प्रत्येकाला चार बाय पाच फूट जागा लागते, म्हणजे पंधरा जणांना तीनशे चौरस फूट, शिवाय मधली वाट.

साहित्य गटाने एकत्र आणावं. प्रत्येकाने आपापले रंग आणले की कोणाकडे पांढराच नसतो, कोणाकडे चोवीस छटा असतात. पुरेसे रंग: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, लाइट रेड, क्रिमसन, अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर. माणशी पांढरा २० मिलि आणि बाकीचे १० मिलि धरले तर पंधरा जणांना ४० मिलिच्या पांढऱ्याच्या ८ ट्यूब आणि इतर प्रत्येक रंगाच्या ४ लागतात. ब्रश हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) चपटे, २, ४ आणि ८ नंबर. प्रत्येकाला १२ × १६ इंचाचा कॅनव्हास बोर्ड आणि कालवण्याच्या सरावासाठी एक जास्तीचा.

विषय स्थिरचित्र. खानापूरचं मातीचं मडकं, पितळी तांब्या, मागे शहापुरी साडीचा एक पदर. मडक्याचा कोरडा पृष्ठभाग आणि तांब्याची चकाकी शेजारी-शेजारी असल्यामुळे कडा कुठे मऊ आणि कुठे धारदार ठेवायची हे न सांगता दिसतं. फळं-फुलं टाळा, दुसऱ्या दिवसापर्यंत ती बदलतात.

पहिला दिवस: फक्त अंबर आणि टर्पेंटाईन. आकार, छाया, प्रकाश. पांढरा वापरायचा नाही, उजेडाची जागा कापडाने पुसून काढायची. अंबरचा पातळ थर कोरड्या हवेत सकाळपर्यंत बहुधा काम करण्याइतका बसतो. कोणी पहिल्याच दिवशी तेल घातलं तर त्याचा पाया दुसऱ्या दिवशी चिखल होतो. मार्गदर्शकाने म्हणूनच तेलाची बाटली स्वतःकडे ठेवावी.

दुसरा दिवस: रंग. आधी सावल्या पातळ, मग मधले रंग, शेवटी उजेड जाड. दर तासाला सगळ्यांनी ब्रश ठेवून दहा फूट मागे जाऊन बघायचं. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या कॅनव्हासवर स्वतः दुरुस्ती करू नये. शेजारच्या सरावाच्या बोर्डावर दाखवावी.

चहा-पोहे दुसऱ्या खोलीत आणि हात साबणाने धुतल्यावरच. काही रंगद्रव्यं विषारी असतात. लहान मुलांना तैलरंगाच्या कार्यशाळेत घेऊ नका, त्यांच्यासाठी वेगळा चित्रकलेचा तास ठेवा.

## ९. चिंध्या, टर्पेंटाईन आणि समई

हा टप्पा वाचून सोडून देऊ नका. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून टाकल्या की त्या आतून तापतात आणि ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतात. रात्री बंद सभागृहात, कचऱ्याच्या पिशवीत. प्रत्येक सत्रानंतर सगळ्या चिंध्या गोळा करून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा, किंवा उघड्यावर एक-एक पसरून कडक होऊ द्या. डबा रात्री इमारतीबाहेर. याची जबाबदारी नाव घेऊन एका माणसाला द्या.

वापरलेलं टर्पेंटाईन बेसिनमध्ये ओतायचं नाही. बरणीत एक-दोन दिवस ठेवलं की गाळ तळाशी बसतो, वरचं परत वापरता येतं. दीपप्रज्वलनाची समई, अगरबत्ती आणि टर्पेंटाईन कधीही एका खोलीत नकोत. दोन्ही खोल्यांच्या दाराशी अग्निशामक सिलिंडर आहे ना, त्याची मुदत संपली नाही ना, हे सकाळी बघा.

## १०. ओले कॅनव्हास, विकलेली चित्रं आणि आवराआवर

कार्यशाळेत आलेले बरेच जण निपाणी, खानापूर, हुक्केरीकडे बसने परत जातात, हातात ओलं चित्र घेऊन. दोन-दोन बोर्ड कोपऱ्यांत ठोकळे घालून तोंडाला तोंड बांधून द्या, बाहेर नाव लिहा. ठोकळे आणि पट्ट्या साहित्याच्या यादीत पहिल्या दिवसापासून असाव्यात. घरी गेल्यावर दोन आठवडे चित्र उघडं, उजेडात ठेवायला सांगा.

विकलेल्या चित्राला लाल टिकली लावा, पण चित्र शेवटच्या दिवशीच द्या. आगाऊ रक्कम घेताना पावतीवर चित्राचं शीर्षक, माप आणि उरलेली रक्कम लिहा. गटाचा हिस्सा किती, हे चित्रकारांकडून प्रदर्शनाआधी लेखी घेतलेलं असावं. विक्रीनंतर ठरवायला बसलात की गट फुटतो.

ग्राहकाला चित्रासोबत एक चिठ्ठी द्या: चित्र कधी पूर्ण झालं, व्हार्निश झालं आहे की नाही, नसेल तर कोणत्या महिन्यात चित्रकाराकडे परत आणायचं. ओल्या फडक्याने पुसू नका, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, हेही त्याच चिठ्ठीवर. चित्रं दालनात पोहोचली तेव्हा काढलेल्या फोटोंशी प्रत्येक चित्र ताडून सही घ्या, आणि मगच ते दालनाबाहेर जाऊ द्या.